पाठीवरच्या पट्ट्यांवरून कोळी ओळखता येतो का?

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात रात्री तळहाताएवढा तपकिरी कोळी भिंतीला चिकटून बसलेला असतो, गेल्या आठवड्यात त्याच्या पोटाखाली पांढरी चकती दिसली. परसात जास्वंदीवर पिवळ्या पट्ट्यांचा कोळी आहे, त्याच्या जाळ्यावर पांढरी फुली विणलेली आहे. शिवाय खिडकीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लहानसा कोळी उड्या मारत फिरतो. खुणांवरून हे ओळखता येतील का? घरात लहान मूल असल्यामुळे यांना मारावे का?
(एक वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : तिन्ही कोळी ओळखता येतात, मात्र ओळख पटली ती रंगांमुळे कमी आणि आपण लिहिलेल्या चकती, फुली व उडी या तीन शब्दांमुळे अधिक.

न्हाणीघरातील कोळी हा ‘हंट्समन’, म्हणजे हेटेरोपोडा वेनाटोरिया होय. तो जाळे विणत नाही. रात्री भिंतींवर फिरून झुरळे पकडतो. डोळ्यांच्या खाली, तोंडावर आडवा फिकट पट्टा ही त्याची खूण आहे, पण ती समोरून पाहिल्याखेरीज दिसत नाही आणि इतक्या जवळ जाण्याची हौस फारच थोड्यांना असते. पोटाखालची चकती म्हणजे अंड्यांची पिशवी असून ती बाळगणारी अर्थातच मादी आहे. नर अंगाने सडपातळ व पायांनी अधिक लांब असल्यामुळे अनेकांना तो निराळ्याच जातीचा वाटतो.

जास्वंदीवरची ‘सिग्नेचर स्पायडर’, बहुधा आर्जिओपे अनासुजा, ही मादीच आहे. डोके खाली करून, आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी जुळवून ती बसते, त्यामुळे पायांचीही फुलीच होते. जाळ्यावरच्या फुलीचे चारही हात प्रत्येक वेळी पुरे विणलेले नसतात; कधी दोन, कधी एकच असतो. ही नक्षी कीटकांना भुलवण्यासाठी की शत्रूला चकवण्यासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जाळ्याच्या कडेला किरकोळ तपकिरी कोळी दिसला तर त्याला तिचे पिल्लू समजू नका, तो नर असू शकतो.

खिडकीतला उड्या मारणारा कोळी प्लेक्सिपस वंशातील नर असावा. त्याची मादी मातकट तपकिरी असते, तिच्या अंगावर ते ठळक काळे-पांढरे पट्टे नसतात. म्हणजे एकाच जातीत पट्टे असलेला आणि नसलेला असे दोन्ही कोळी निघतात. केवळ पट्ट्यांवर भिस्त ठेवणारा इथेच फसतो.

यांपैकी एकही माणसाच्या जिवाला धोकादायक नाही. हंट्समनला हाताने दाबून धरले तर तो चावतो व दुखते, म्हणून मुलाला हात लावू देऊ नये. नको असल्यास काचेचा पेला त्याच्यावर पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा आणि परसात सोडावे. पावसाळ्यात अंगावर उठणाऱ्या जळजळत्या चट्ट्यांचा दोष कोळ्यांवर येतो खरा, पण अनेकदा तो दिव्याकडे येणाऱ्या, अंगावर चिरडल्या गेलेल्या पेडेरस भुंगेऱ्याचा असतो.

पुढच्या वेळी छायाचित्र पाठवाल तर पाठीबरोबर तोंडही समोरून टिपा. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात, तर हंट्समनचे आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात.