बारावीनंतर अमेरिका: बारा कॉलेजांची यादी कशी चाळायची

नमस्कार दादा,

मुलगी बारावीला आहे, तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय, वर्षाला साधारण 35 लाख झेपतील, त्यापुढे कर्ज काढायची तयारी आहे, असं तुम्ही कळवलंत. रँकिंगच्या पहिल्या पन्नासातून बारा नावं काढलीत आणि त्यातली कोणती ठेवू, असं विचारलंत. मी इथे एमएसला आलो, एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत टीए (प्राध्यापकांचा शिकवण्यातला मदतनीस) म्हणून बीएसच्या, म्हणजे पदवीच्या, मुलांना शिकवलं आणि इथेच राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी रँकिंग बाजूला ठेवा. ते बऱ्याच अंशी कॉलेजांनी स्वतः पुरवलेल्या आकड्यांवर उभं असतं. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्याच एका गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठाच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि वर्गांच्या आकाराबद्दलची काही माहिती चुकीची गेल्याचं कोलंबियाला मान्य करावं लागलं. आणि आकडे खरे असले तरी नाशिकहून येणाऱ्या मुलीला तिथे किती पैसे पडतील आणि हवा तो विषय मिळेल का, हे रँकिंग सांगतच नाही.

पैशांचं बघू. तुमचे 35 लाख म्हणजे अंदाजे 40 हजार डॉलर. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आज 80 हजारांच्या पुढे आहे. सरकारी युनिव्हर्सिटी स्वस्त असते ती त्या राज्यातल्या मुलांना, आपल्याला फी बाहेरच्यांची लागते. तुमच्या यादीतली इलिनॉय, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं 40 हजारांच्या बरीच पुढे जातात, आणि कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) परदेशी मुलांना गरजेनुसार मदत देत नाही. इंडियानातल्या पर्ड्यू या सरकारी युनिव्हर्सिटीने 2013 पासून शिक्षणाची मूळ फी गोठवली आहे, म्हणून मोठ्यांमध्ये ते त्यातल्या त्यात आवाक्यातलं. ते यादीत ठेवाच.

आता ज्यांचं एकही नाव तुमच्या यादीत नाही ती लिबरल आर्ट्स कॉलेजं. दोन-तीन हजार मुलांची, फक्त पदवीपर्यंत शिकवणारी. त्यात कॉम्प्युटर सायन्स, गणित, फिजिक्स सगळं असतं. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडनमध्ये प्रवेश ठरवताना परदेशी मुलांचीही ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश मिळाला की घरची गरज पूर्ण भागवतात. तिथे प्रवेश मिळणं फार अवघड आहे. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होल्योक इथे ऐपत बघतात, पण परदेशी मुलांवर मनापासून खर्च करतात. माउंट होल्योक मुलींचं कॉलेज आहे, 1837 पासूनचं. तुमच्या हिशेबाला ही जास्त बसतील असं मला ठामपणे वाटतं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की बहुतेकांची पीडीएफ सापडते; कॉलेजं आपली माहिती एकाच ठरलेल्या नमुन्यात भरतात ती ही. त्यात बी2 या कलमात परदेशी विद्यार्थी किती ते असतं. मग एच6 वर जा: त्यातल्या किती जणांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती डॉलर. समजा 300 परदेशी मुलांपैकी 250 जणांना सरासरी 50 हजार मिळत असतील, तर तिथे अर्ज करण्यात अर्थ आहे. 3 हजारांपैकी 40 जणांनाच मिळत असेल, तर त्या कॉलेजच्या वेबसाइटवर ‘स्कॉलरशिप’ कितीही ठळक लिहिलेलं असो, ती तुमच्या वाट्याला येईल असं धरू नका. एका कॉलेजला दहा मिनिटं लागतात. मुलीलाच करू दे. आणखी एक, मदत लागणार असेल तर पहिल्याच अर्जात मागा. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी मागितली नाही तर नंतर मिळत नाही.

दुसरी गोष्ट विषयाची. इलिनॉय किंवा वॉशिंग्टनला ‘आधी कुठल्याही शाखेत शिरू, मग कॉम्प्युटर सायन्सला बदलून घेऊ’ हे जवळपास जमत नाही. प्रवेशाच्या वेळीच तो विषय मिळायला हवा. लहान कॉलेजांत बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विषय ठरवतात, तोवर मूल चार गोष्टी करून बघू शकतं.

शिकवण्याचं म्हणाल तर मोठ्या ठिकाणी सुरुवातीच्या कोर्सला तीनशे मुलांचा हॉल असतो. प्रोफेसर पुढून बोलतात आणि शंका सोडवायला माझ्यासारखा टीए. ऑफिस अवर्सना हॉलमधली मोजकीच मुलं यायची, आणि आपली भारतीय मुलं तर परीक्षा तोंडावर आल्याशिवाय यायचीच नाहीत. विचारायला लाजणाऱ्या मुलीसाठी वीस जणांचा वर्ग फार मोलाचा. मात्र लहान कॉलेजात वरच्या वर्षांचे कोर्स कमी, कधी एखादा वर्षाआड, आणि कंपन्या येतात त्याही कमी. पर्ड्यूच्या ‘इंडस्ट्रियल राउंडटेबल’सारखा नोकरी मेळावा तिथे भरत नाही, इंटर्नशिप स्वतः खटपट करून मिळवावी लागते. मुलगी धडाडीची, स्वतःहून विचारणारी असेल तर मोठी युनिव्हर्सिटी तिला मानवेल.

कर्जाबद्दल कळकळीने सांगतो. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची परवानगी) 12 महिने आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांना आणखी 24 महिने काम करता येतं. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याला वर्षाला 85 हजारांची मर्यादा आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त. नियमही बदलत राहतात. तेव्हा ‘तिथे दहा वर्षं नोकरी करून फेडेल’ असं धरून कर्ज काढू नका. ती पुण्यात नोकरीला लागली तरी हप्ता भरता येईल एवढंच काढा.

आणि काउन्सेलर अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला मुदतीआधी अर्ज करण्याचा, आग्रह धरतील. त्यात प्रवेश मिळाला तर घेण्याचं बंधन असतं, चार ठिकाणच्या मदतीची तुलना करता येत नाही. एच6 चांगला दिसला, आकडा घरात बसला आणि मुलीलाही तेच हवं असेल, अशा एकाच कॉलेजला ते करा. बाकी अर्ज नेहमीच्या मुदतीत जाऊ देत.