नखाएवढा नाताळ

नोव्हेंबर सरत आला की माझ्या टेबलावर लाल रंगाच्या सात बाटल्या येऊन बसतात. नवऱ्याच्या मते त्या सातही एकच आहेत. सांडोरहून येणारी माझी एक जुनी गिऱ्हाईक मात्र त्यातली एक उचलते, नखाशेजारी धरते आणि परत ठेवते. "ही नको गं, ही लग्नातली. मला नाताळातली दे." तिचं बरोबर असतं. एकात निळसर झाक आहे, दुसऱ्यात नारिंगी. सोन्याच्या बांगडीशेजारी नारिंगी झाकेचा लाल जास्त उठतो.

वसईत नखांचं काम करायला लागून मला तेरा वर्षं झाली. आमच्या घरी गणपती बसतो, नाताळ नाही. पण धंद्याचा खरा हंगाम विचाराल तर १५ ते २४ डिसेंबर. नाताळाआधीच्या आगमनकाळात इथले ख्रिस्ती लोक सहसा लग्नं लावत नाहीत, म्हणून ती सगळी २६ तारखेनंतर रांगेने येतात. थोडक्यात, महिनाभर मला मान वर करायला सवड नसते. तरी तुमची पत्रं वाचली.

मी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन महिन्यांचा नेल आर्टचा कोर्स केला आहे. घराजवळच्या पार्लरने १२ ते ३१ डिसेंबर मदतीला बोलावलंय. आई म्हणते, "सणासुदीला लोकांची नखं कसली घासत बसतेस!" जाऊ का? — एक वाचक, विरार

जा. आईला म्हणावं, नखं घासण्याचेच पैसे आहेत.

कोर्समध्ये एका सेटला, म्हणजे दहा नखांना, दोन-दोन तास लावायची मुभा असते. हंगामात ५० मिनिटांत गिऱ्हाईक उठलं पाहिजे, कारण बाहेर बाकावर चौघी बसलेल्या असतात आणि त्यातली एक सारखी घड्याळ बघते. त्यामुळे "काय काढू?" असं कुणाला विचारायचं नाही. आत्ताच प्लॅस्टिकच्या टिपांवर, म्हणजे खोट्या नखांवर, पाच-सहा नमुने रंगवून कडीत ओवून ठेव: तारा, लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्या, हिरवं पान आणि तीन लाल ठिपके, नुसती सोनेरी कड. कडी समोर धरायची आणि "यातलं निवडा" म्हणायचं. मोबाइलमधले फोटो दाखवायला लागलीस की अर्धा तास गेला म्हणून समज. शिवाय त्या फोटोतली नखं इंचभर लांब असतात आणि समोरची बाई सकाळी विरार लोकलच्या दांड्याला लटकून आलेली असते.

घाईत सगळ्यांचा हात एकाच जागी चुकतो, अंगठ्यावर. जेल म्हणजे अतिनील (यूव्ही) दिव्याखाली पक्कं होणारं नेलपॉलिश. चारी बोटांबरोबर अंगठा त्या दिव्याखाली घातला की तो आडवा पडतो. मग त्याच्या कडेला उजेड पोचत नाही, जेल कच्चं राहतं आणि चौथ्या दिवशी तिथूनच पापुद्रा सुटतो. चार बोटं आधी, अंगठे मागून. मिनिटभर जास्त जाईल, पण "तुमचं टिकलं नाही हो" असा फोन ऐन २५ तारखेला येणार नाही.

आता गमतीचं. दिवाळीला बाई घाईत येते आणि घाईत जाते, घरी फराळ अर्धा राहिलेला असतो. नाताळाला आई, मुलगी, कधी आजीसुद्धा एकत्र येतात. एकदा लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक आजी नातीबरोबर आली होती. तासभर कोपऱ्यात गप्प बसून होती. नातीचं झाल्यावर उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "रंग नको. नुसती चकाकी दे." शेतात राबलेले हात, नखं जाड, उभ्या रेघांची. मी बफरने हळूहळू घासून बिनरंगाचा एक हात दिला. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाईपर्यंत ती हात पदराखाली घेईना, असं नातीने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

२४ तारखेला दुपारनंतर येणाऱ्या हातांना तळणाचा वास असतो. घरोघरी कुलकुल चाललेले असतात. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या फणीवर दाबायची, गुंडाळायची, तळायची. त्यावर शंखासारख्या रेघा उठतात. एक मुलगी म्हणाली, "बर्फाचं फूल काय काढतेस? वसईत बर्फ कुणी पाहिलाय? मला कुलकुल काढून दे." हसलो आम्ही, पण काढला. आधी बिस्किटी रंगाचे दोन हात. त्यावर जाड जेलच्या बारीक, वाकड्या रेघा, एकेक ओढायची आणि लगेच दहा सेकंद दिव्याखाली धरायची, नाहीतर दोन रेघा एकमेकींत मिसळून नुसता डोंगर होतो. वर चकाकी नसलेला टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, आणि साखर म्हणून चिमूटभर बारीक चमकी. फक्त अनामिकेवर. त्या वर्षी आणखी अकरा जणींनी कुलकुल मागितला, आणि मी कोर्समधल्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला की त्यांनी मला फक्त बर्फ शिकवला होता.

आणि पैसे. माझ्या पहिल्या हंगामात, पार्लरचं नाव जाऊ दे, बोलणं झालं होतं रोजचे ४०० आणि प्रत्येक सेटमागे दहा टक्के. १ जानेवारीला मालकीणबाई म्हणाल्या, "टक्के फक्त तू स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकांचे." मी तर नवखी, मी कुठून गिऱ्हाईक आणणार? वीस दिवसांचे टक्के बुडाले. रडले, घरी सांगितलंही नाही. तू आजच व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत विचारून ठेव: रोज किती, सेटमागे किती, बक्षिसी कुणाची, जेवायला किती वेळ, हिशेब कोणत्या तारखेला. बाई "हो" म्हणाल्या की तो मेसेज जपून ठेव. रोज वहीत किती हात केले त्याच्या रेघा मार. फाइलिंगची भुकटी नाकात जाते, मास्क लाव. आणि खुर्ची टेबलाच्या मानाने उंच हवी, नाहीतर ३१ तारखेला पार्टी सोडून पाठ शेकत बसशील.

ऑफिसात नाताळची पार्टी आहे. जेल नको, घरीच साध्या नेलपॉलिशने काहीतरी करायचंय. माझा हात कापतो. — एक वाचक, पुणे

कापणाऱ्या हाताला ठिपके जमतात. लाल रंगाचे दोन पातळ हात द्या. जाड एक हात दिलात तर वरून सुकेल, आतून ओला राहील आणि रात्री उशीचा ठसा उठेल. हाताला लागत नाही इतपत पॉलिश पंधरा-वीस मिनिटांत सुकतं, पण पुरतं घट्ट व्हायला काही तास लागतात. म्हणून हे काम रात्री अकराला काढू नका.

मग केसाच्या आकड्याचं गोल टोक पांढऱ्या पॉलिशमध्ये बुडवून नखावर वरखाली दोन ठिपके द्या, खालचा मोठा, वरचा छोटा. टूथपिकने काळे डोळे. झाला बर्फाचा माणूस. बर्फाचं फूल काढायचंच असेल तर पाकळ्या सहा काढा. बाजारातल्या स्टिकरवर सर्रास आठ असतात आणि मला ते बघवत नाही. पाण्याचा स्फटिक षट्‌कोनीच बांधला जातो, म्हणून खरं फूल सहाचंच. एका छोट्या रेघेवर दुसरी, मग तिसरी, तिन्ही एकाच बिंदूत छेदणाऱ्या. हात कापला तरी चालतं, खरी फुलंही फार सारखी नसतात.

दोन वर्षं जेल करते. या वेळी बोटांच्या कडा खाजतात, बारीक पाण्याचे फोड आले. इंटरनेटवर वाचलं की युरोपात जेल पॉलिशवर बंदी आली. सणापुरतं एकदा करून घेतलं तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

नाही. एकदाही नाही. आणि हे माझ्या गल्ल्याच्या विरुद्ध जाऊन सांगते आहे.

तुम्ही लिहिलेली लक्षणं ॲलर्जीची असू शकतात. ते त्वचेच्या डॉक्टरांनी बघायला हवं आणि गरज पडली तर पॅच टेस्ट करायला हवी. जेलमध्ये ॲक्रिलेट जातीची रसायनं असतात, त्यातल्या एकाचं हेमा (HEMA) हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नखावर नीट पक्कं झालेलं जेल सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो कच्चं जेल कातडीला लागल्याने: घाईत रंग नखाबाहेर गेला, किंवा एका कंपनीचं जेल आणि दुसराच कुठलातरी स्वस्त दिवा, त्यामुळे वरून कडक, आतून कच्चं. घरी किट मागवून करणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं, पण पार्लरवाल्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची असते. दातांचं सिमेंट आणि सांधे बदलताना वापरतात ते सिमेंट याच कुळातलं, म्हणून ती अंगावर काढू नका, आणि पुढे दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

युरोपाचं म्हणाल तर बंदी जेल पॉलिशवर नाही. टीपीओ नावाचा एक घटक, ज्याच्यामुळे दिव्याखाली जेल पक्कं होतं, तो युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. त्याचं कारण प्रजननक्षमतेला असलेला संभाव्य धोका, तुमची खाज नव्हे. टीपीओ नसलेली जेलं मिळतात, पण खाजणाऱ्या बोटांवर तीही नकोत.

आत्ता नखांवर असलेलं जेल खरवडून काढू नका. डॉक्टरांना भेटल्यावर, त्यांनी चालेल म्हटलं तर, जाणत्या हातांकडून ॲसिटोनने काढून घ्या. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. खरवडलेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात, म्हणजे पुढचा पावसाळा येईल. नाताळाला कानात मोठे झुमके घाला. नखांकडे कुणी बघत नाही, असं माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकताय.

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची वसईची. आम्हाला ड्युटीवर नेलपॉलिश चालत नाही. नाताळाला फक्त एक दिवस सुट्टी आहे. — एक वाचक, लेस्टर

ताई, तिथला नियम माहीत आहे: कोपराखाली काही नाही, नखं आखूड आणि कोरी. चांगलाच नियम आहे. एका दिवसासाठी चिकटवायची तयार नखं घ्या. गोंदाऐवजी दुहेरी चिकटपट्टीवर लावली तर कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर ओढाताण न करता सुटतात. नाहीतर पाय आहेतच. जाड मोज्यांच्या आत दहा लाल नखं आहेत हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

पांढऱ्या जेलवर हळद बसली. — एक वाचक, नालासोपारा

बसणारच, २४ तारखेला मटणाला मसाला चोळायला तुम्हीच बसलात ना? स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, मग दुपारी गॅलरीत ऊन खात बसा. हळदीचा रंग उन्हाने विटतो. उरलाच तर वरून नवा टॉप कोट काही उपयोगाचा नाही, आत पिवळा तो पिवळाच दिसेल. जुना टॉप कोट घासून काढावा लागतो. पुढच्या वर्षी आधी मसाला, मग नखं. किंवा सरळ सोनेरी रंग घ्या, त्यात हळद खपून जाते.

मी मुलगा आहे, हसू नका. मॉलमध्ये बारा दिवस सांताचं काम मिळालंय. हातमोज्यात घाम येऊन नखांच्या कडेची कातडी सोलते. नखं खायचीही सवय आहे. — एक वाचक, कल्याण

हसले नाही. तू पण माझ्याच हंगामातला माणूस.

सुती हातमोजे तीन जोड ठेव आणि दर दोन तासांनी बदल. ओल्या मोज्यात नख मऊ पडतं, कातडी फुगते आणि सुकली की फाटते. सुटलेली कातडी दाताने ओढायची नाही, नेलकटरने मुळाशी कापायची. रात्री खोबरेल तेल नखांच्या कडांना चोळून झोप. कड सुजून ठणकायला लागली तर ते नखुरडं, मग डॉक्टर, तेल नाही. नखं खायचं म्हणशील, तर मोजे आणि दाढी असेपर्यंत तोंडात बोट जाणारच नाही. बारा दिवसांत जेवढी वाढतील तेवढी घेऊन ये, मी नीट कापून, घासून देईन. पैसे नकोत, मॉलमधला किस्सा सांग.

दाढी ओढणाऱ्या पोरांवर मात्र माझ्याकडे इलाज नाही.