जर्मनीत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास, शनिवार-रविवारच्या सहलींविषयी

पहिल्याच महिन्यात पॅरिस, प्राग आणि व्हेनिस पाहून घेण्याचा तुमचा उत्साह मी समजू शकतो. मीही तेच केले होते, आणि त्यातले आता बहुतेक फलाटच आठवतात. पहिल्या सत्रात दोन तासांच्या अंतरावरची गावे पाहावीत.

त्यासाठी सर्वांत उपयोगी ते डॉइचलांड तिकीट. मे २०२३ मध्ये दरमहा ४९ युरोंना सुरू झालेले हे तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले असले, तरी देशभरातील प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि शहरी बस यांत ते चालते. अनेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कात त्याचे सवलतीचे रूप आधीच असते, म्हणून विकत घेण्यापूर्वी चौकशी करावी.

नवखे विद्यार्थी बहुधा येथे चुकतात:

- आयसीई, आयसी या जलद गाड्यांत हे तिकीट सहसा चालत नाही.
- रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. शिदोरी शनिवारीच बांधावी.
- सीमेपलीकडे, अगदी सीमेलगतच्या फ्रेंच शहरात, स्ट्रासबर्गला जातानाही, पासपोर्ट आणि निवासपरवाना मूळ स्वरूपातच जवळ ठेवावा.

आणि परतताना शेवटची नव्हे, तिच्या आधीची गाडी धरावी. शेवटची रद्द झाली, तर रात्र स्थानकावर जाते आणि सोमवारची सकाळची तासिका बुडते.