व्हेंटिलेटर काढायचं ठरलं, आता नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २४ आठवड्यांत जन्मलेलं, ७०० ग्रॅमचं बाळ आठवडाभर व्हेंटिलेटरवर आहे. डोक्याच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना मोठा, मेंदूच्या आत शिरलेला रक्तस्राव दिसतोय. रक्तदाब औषधांवर कसाबसा टिकून आहे, लघवी जवळजवळ बंद. वडील विचारतात, "मशीन काढलं म्हणजे आम्हीच मारलं असं होईल ना?" आणि प्रश्न टाकणाऱ्या रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) हवंय की पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करण्याऐवजी त्रास कमी करण्यासाठी घेतलेली काळजी, यात त्या दिवशी प्रत्यक्षात करायचं काय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. फाइलवर "पुढे काही करायचं नाही, आईवडिलांना समजावलं" एवढीच नोंद असेल तर ती पॅलिएटिव्ह केअर नव्हे, नुसती माघार आहे. व्हेंटिलेटर लावताना प्रेशर, रेट, ऑक्सिजन यांची ऑर्डर लिहिता ना? इथेही तशीच लिहायची: कोणतं औषध, किती, कोण देणार, त्रास दिसला तर किती मिनिटांनी पुन्हा, रात्री दोन वाजता फोन कोणाला. हे लिहिलेलं नसलं की ड्युटीवरची सिस्टर एकटी पडते आणि बाळाचा त्रास लांबतो. तो त्रास पाहिलेल्या आईवडिलांना मग "आपण मारलं" या विचारातून बाहेर काढणं फार अवघड जातं.

आता वडिलांचा प्रश्न. उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेला थांबवणं, वैद्यकीय नीतिशास्त्रात दोन्ही सहसा एकाच पारड्यात धरतात. मनाला मात्र थांबवणं जास्त जड जातं. काही धर्मांत आणि काही देशांच्या कायद्यांतही फरक केला जातो, तेव्हा आपल्याकडचा नियम आणि त्यासाठी लागणाऱ्या सह्या आधी पाहून घ्या. हा फरक फार ताणला की वेगळाच अनर्थ होतो. "एकदा व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत घातली की काढता येणार नाही" या भीतीने जन्मावेळी नळीच घातली जात नाही, आणि ज्याला संधी द्यायला हवी होती असं बाळही हातचं जातं. त्यापेक्षा मुदत ठरवून उपचार करावा: सगळं सुरू करायचं, अमुक दिवशी सोनोग्राफी, लघवी, रक्तदाब पाहून पुन्हा बसायचं, आणि हे पहिल्याच दिवशी आईवडिलांना सांगून ठेवायचं.

वडिलांना सरळ सांगा: बाळाला हा आजार नेतोय. मशीन तो बरा करत नाहीये, फक्त वेळ लांबवतंय, आणि त्या वेळेत बाळाला सुया आणि सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं) सोसावं लागतंय. मॉर्फिन हे वेदनाशामक देतो ते त्रास जाईल इतकंच. त्रास कमी करताना श्वास थोडा मंदावला तरी हेतू त्रास कमी करण्याचाच असतो, आणि डोस लक्षणं पाहून वाढवल्याची नोंद हा त्याचा पुरावा. नेदरलँड्समधून २००५ साली प्रसिद्ध झालेला ग्रोनिंगेन प्रोटोकॉल हा वेगळा विषय आहे. असह्य यातना असलेल्या नवजाताचं आयुष्य डॉक्टरने जाणूनबुजून संपवण्याच्या अटी त्यात आहेत. चर्चेत कोणी दोन्हींची सरमिसळ करायला लागलं तर तिथेच थांबवा. उपचार थांबवण्याची उघड चर्चा त्याहून कितीतरी जुनी आहे: १९७३ मध्ये डफ आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या येलच्या नवजात विभागातल्या २९९ मृत्यूंचा हिशेब छापला, त्यातले ४३ उपचार रोखण्याशी जोडलेले होते.

निर्णयाआधी निदान पक्कं करा. फक्त "२४ आठवडे" यावर काहीच ठरत नाही. वजन, मुलगी की मुलगा, एकटं की जुळं, आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड मिळालं होतं का, या सगळ्यांनी अंदाज बदलतो. एका बाजूचा मर्यादित रक्तस्राव असलेली कितीतरी मुलं पुढे चालतात, त्यामुळे "ग्रेड चार" (मेंदूच्या आत शिरलेला, सर्वांत वरच्या पायरीचा रक्तस्राव) एवढा शब्द ऐकून कोणी निर्णय घेऊ नये. दोन्ही बाजूंना मोठा रक्तस्राव आणि जोडीला बंद पडत चाललेले अवयव, हे चित्र मात्र खूपच वाईट आहे. सोनोग्राफी पुन्हा करा, दुसऱ्या वरिष्ठाचं मत लेखी घ्या. जन्मावेळी गुदमरलेल्या आणि मेंदू वाचवण्यासाठी शरीर थंड ठेवलेल्या (कूलिंग) बाळांत जास्तच सावध राहा. ७२ तासांच्या कूलिंगमध्ये मॉर्फिन शरीरात साचतं, आणि औषधाने निपचित पडलेलं बाळ मेंदू गेल्यासारखं दिसतं.

आईवडिलांपुढे "काढू का?" असा प्रश्न टाकून बाजूला होऊ नका. तो आदर नव्हे, ओझं ढकलणं झालं. टीमने आधी आपसांत बसून एकमत करावं, सिस्टरांना धरून. मग शिफारस आपण करायची: "आमच्या मते आता मशीनपेक्षा तुमच्या कुशीत त्याला जास्त आराम मिळेल." पटत नसेल तर वेळ द्या, बाळाला फार यातना नसतील तर दोन दिवस थांबून काही बिघडत नाही. खर्चाची धास्ती असेल तर तिच्याबद्दल वेगळं आणि उघड बोला, नाहीतर ती वैद्यकीय कारणांच्या आडून बोलत राहते. आणि "सगळं करा" असं कोणी म्हटलं तर त्यांना त्यात काय काय अभिप्रेत आहे ते विचारा. पुष्कळदा त्याचा अर्थ "त्याला टाकून देऊ नका" एवढाच असतो.

आता प्रत्यक्ष कृती. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर ते बंद करून त्याचा असर उतरेपर्यंत नळी काढायची नाही. त्या औषधाखाली बाळ हलत नाही, रडत नाही, म्हणून शांत दिसतं. त्रास होतोय की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो.

एक शिरेतली लाइन राखून ठेवा, ती औषधासाठी लागते. बाकीच्या लाइन, चिकटपट्ट्या, पोटातली नळी आधीच काढा. पट्टी तेल किंवा कोमट पाण्याने भिजवून सोडवा, या वयात त्वचा पट्टीबरोबर निघून येते. रक्ततपासण्या, एक्स-रे, अँटिबायोटिक आणि रक्तदाबाची औषधं बंद. मॉनिटर बंद करा, नुसता म्यूट करू नका. आकडे दिसत राहिले तर सगळं घर बाळाऐवजी स्क्रीनकडे बघत बसतं.

मॉर्फिनचा शिरेतला डोस ५० ते १०० मायक्रोग्राम प्रतिकिलो, सावकाश, नळी काढण्याच्या १५–२० मिनिटं आधी. आधीपासून इन्फ्यूजन (शिरेतून सतत जाणारं औषध) चालू असेल तर सवय झालेली असते, जास्त लागतं. खरी गफलत हिशेबात होते. ७०० ग्रॅमच्या बाळाला ५० च्या दराने ३५ मायक्रोग्राम लागतात. १ मिलिग्राम औषध एकूण १० मिली केलं की एका मिलीत १०० मायक्रोग्राम, म्हणजे सिरिंजमध्ये ०.३५ मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट. म्हणून दोघांनी वेगवेगळा हिशेब करून मगच जुळवायचा. एवढंसं औषध कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, आतच अडकून राहतं, तेव्हा मागून थोडं सलाईन सावकाश ढकला. ते विसरलं की "डोस दिला, काही फरक नाही" असं वाटतं, दुसरा डोस जातो आणि दोन्ही एकदम आत शिरतात.

मॉर्फिनऐवजी फेंटानिल हे वेदनाशामक वापरत असाल तर झटक्यात देऊ नका, छाती ताठ होते. लाइन गेलीच तर तेच नाकातून १ ते २ मायक्रोग्राम प्रतिकिलो देता येतं. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध कमी दिवसांच्या बाळात जपून, झटके आल्यासारख्या हालचाली होतात, आणि वेदनेवर ते काहीच करत नाही.

मग बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर, टोपी घालून, वरून पांघरूण. तोंड हलक्या हाताने सक्शन करून नळी काढा, तीही कुशीतच. व्हेंटिलेटर टप्प्याटप्प्याने कमी करत बसू नका, त्यात फक्त वेळ लांबते.

पुढचं आधीच सांगून ठेवायला हवं, आणि नेमकं हेच राहून जातं. रंग निळसर होईल. मधेच आचके येतील, दोन आचक्यांत मिनिटभराचंही अंतर पडू शकतं. आईवडिलांना वाटतं बाळ हवेसाठी झगडतंय, किंवा परत जगतंय. या वेळी बाळ बहुधा शुद्धीवर नसतं, हे त्यांनी आधी ऐकलेलं असलं तर ते घाबरत नाहीत. कपाळावर आठ्या, मुठी आवळणं, पोट आत ओढत जलद श्वास, कण्हणं ही त्रासाची खूण समजा आणि डोस पुन्हा द्या. छातीचे ठोके ऐकायला अधूनमधून या, स्टेथोस्कोप ऊबदार करून.

"अर्ध्या तासात होईल" असं कधीही सांगू नका. मिनिटं लागतात, तास लागतात, क्वचित दिवस. म्हणून दुसरी योजना तयार हवी: बाळ स्वतःच श्वास घेत राहिलं तर कोणत्या खोलीत, मॉर्फिन कोणत्या मार्गाने, ओठांवर आईच्या दुधाचे थेंब, आणि पुन्हा नळी घालायची नाही हे ड्युटी बदलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणं.

आईच्या दुधाचा विषय सगळे विसरतात. बाळ गेलं तरी दूध उतरत राहतं, आणि घरी गेल्यावर छाती दाटून ती बाई दुसऱ्यांदा कोसळते. दूध सुरू झालेलं असेल तर ते थांबवणारं कॅबर्गोलिन ०.२५ मिलिग्राम दिवसातून दोनदा, दोन दिवस. पण गरोदरपणात किंवा आत्ता रक्तदाब वाढलेला असेल तर नको, आणि एवढ्या लवकर झालेल्या प्रसूतीत तो असण्याची शक्यता बरीच. तसं असेल तर घट्ट आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या, दाटल्यावर आराम पडेल इतकंच पिळणं. काही आयांना काढलेलं दूध मिल्क बँकेला द्यायचं असतं, तेव्हा ते ओतून टाकण्याआधी विचारा.

हातापायांचे ठसे, जावळाची बट, फोटो, नावाची पट्टी हे विचारून घ्या. नको म्हणाले तरी, तुमच्याकडचा नियम परवानगी देत असेल तर, पाकीट बंद करून ठेवा, कित्येकजण महिन्यांनी मागायला येतात. जनुकीय आजाराची शंका असेल तर रक्ताचा नमुना जिवंतपणीच घ्या, शवविच्छेदनाबद्दल आधी बोला. सहा ते आठ आठवड्यांनी रिपोर्टसह भेटीची वेळ तुम्हीच ठरवून द्या. "काही वाटलं तर या" असं सांगून सोडलं तर बहुतेक येत नाहीत, आणि पुढच्या गरोदरपणात काय खबरदारी घ्यायची हे सांगायचंच राहतं.