बॉस पाच मिनिटं बोलतो, पुढे कोण बोलतं?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "काम आवडतं हो, पण बॉस..." पुढचं वाक्य पूर्ण होत नाही. कुणाचा आवाज चढतो, कुणाचा घसा दाटतो. मग प्रश्न येतो, "अशा माणसाचं करायचं तरी काय?"

अशीच एक तरुणी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हुशार, कामात चोख. नवे साहेब आल्यापासून झोप उडालेली, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. साहेब चारचौघांत चुका काढत, दिलेलं काम मध्येच फिरवत आणि नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून मोकळे होत.

तिचं सगळं मी ऐकून घेतलं. मन मोकळं व्हायलाच हवं. पण साहेबांच्या स्वभावाची चिरफाड करण्यात भेटीमागून भेटी खर्ची घालणं मला पटत नाही. जो माणूस समोर बसलेलाच नाही, त्याला मी काय बदलणार?

"काल साहेब तुला किती वेळ बोलले?" मी विचारलं.

"पाचेक मिनिटं. चारच्या सुमारास."

"आणि झोप कधी लागली?"

"दोन वाजून गेले असतील."

"मग सव्वाचारपासून रात्री दोनपर्यंत कोण बोलत होतं?"

ती गप्प झाली. अशी शांतता नवख्या समुपदेशकाला सोसत नाही, तो घाईने काहीतरी समजावू लागतो. मी थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मीच." आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखी, "मॅडम, साहेब 'आकडे डोळे मिटून भरलेस का' एवढंच म्हणाले होते. 'तुला काहीच जमत नाही, तू इथे टिकणार नाहीस' हे ते म्हणालेच नव्हते. ते मीच जोडलं."

हे तिचं तिने शोधलं, म्हणूनच ते टिकलं. मी सांगितलं असतं तर मान डोलावून ती घरी गेली असती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर असतो, हे मला जवळून ओळखणाऱ्यांना माहीत आहे. घटना थेट आपल्याला उद्ध्वस्त करत नाही, तिच्याबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते करतं. एलिस याचं श्रेय एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाला देत. तो गुलामगिरीत जन्मला होता, म्हणजे त्याचा मालक खरोखरीचा मालक होता!

पण इथे एक गफलत होते. 'विचार बदला' म्हणजे 'मुकाट सोसा' नव्हे. अपमान झाल्यावर वाईट वाटणारच, वाटायलाही हवं. फक्त "साहेबांनी असं वागताच कामा नये" या हट्टावर अडून बसलं की सगळी ताकद संतापात जाते आणि बोलायची वेळ आली की तोंडून शब्द फुटत नाही. हट्ट सुटला की नाराजी उरते, आणि नाराज माणूस नीट बोलू शकतो.

म्हणून पुढच्या भेटींत आम्ही बोलण्याचा सराव केला. साहेब मी झाले. (हे काम मला बरं जमतं, असं तीच म्हणाली.) सुरुवातीला तिच्या प्रत्येक वाक्यात "सॉरी सर" यायचं. घासून घासून शेवटी वाक्य झालं, "सर, चूक मी आजच दुरुस्त करते. पण असं काही असेल तर मला केबिनमध्ये बोलावून सांगा." चूक नाकारायची नाही, टोमणा मारायचा नाही, साहेबांच्या स्वभावावर शेरा नाही. आणि हे एकट्यात, त्यांचा पारा उतरल्यावर बोलायचं.

फिरवलेल्या कामांसाठी साधा उपाय : तोंडी सूचना मिळाली की लगेच दोन ओळींचा मेल, "आपण सांगितल्याप्रमाणे आधी हे, मग ते करते. क्रम बदलायचा असल्यास कळवा." भाषा पुरावा गोळा केल्यासारखी नको, कामाची हवी.

मात्र सगळेच बॉस नुसते 'कठीण' नसतात. धमक्या, लैंगिक शेरेबाजी, ठरवून केलेली मानहानी हा छळ आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध स्वतंत्र करारच केला आहे. तिथे मनाचे व्यायाम सांगत बसणारा समुपदेशक चूक करतो. तारीखवार नोंद ठेवावी, साक्षीदार कोण ते लिहावं आणि तक्रार करावी.

तिचं प्रकरण त्यातलं नव्हतं. साहेब अजूनही तापट आहेत, फक्त तिला आता बहुतेक वेळा केबिनमध्ये बोलावतात. ती झोपते. दोन ठिकाणी अर्जही केले आहेत, तेही रडत नव्हे, पगार आणि कामाचा विचार करून. मुलाखतीत "आधीची नोकरी का सोडताय?" असं विचारलं तर साहेबांना शिव्या न घालता काय उत्तर द्यायचं, ते पुढच्या भेटीत ठरवायचं आहे.