थर्मल प्रिंटरचं बिल किती टिकतं, आणि ते आधी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की थर्मल प्रिंटर घेतला तर बिलं वर्षभरात कोरी होतील का, आणि रोल घेण्याआधी ते कसं तपासायचं. माझं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे, आणि हे मी करून पाहिलंय.

घरच्या फ्रिजचं बिल मी जपून पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं होतं. कॉम्प्रेसर गेला तेव्हा काढलं, तर हातात नुसती पांढरी पट्टी. त्याच कपाटात जुन्या वहीत राहिलेलं मिक्सरचं बिल मात्र स्वच्छ वाचता येत होतं, आणि ते फ्रिजच्या आधीचं!

या कागदावर शाई नसतेच. वरच्या थरात बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारा डेव्हलपर असतो. प्रिंटरच्या हेडची उष्णता लागली की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि काळं अक्षर उमटतं. तेल, अल्कोहोल किंवा पीव्हीसीसारख्या मऊ प्लास्टिकमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) त्यात शिरलं की ती जोडी सुटते आणि अक्षर पुसट होतं.

म्हणून एप्रिलमध्ये एकच बिल पाच वेळा छापलं. एक तुलनेसाठी वहीत घालून कपाटात ठेवलं. एक पीव्हीसीच्या पाकिटात, एक पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला, एक स्कूटरच्या डिक्कीत. पाचव्यावर शेंगाचटणीचं बोट टेकवलं, कारण जेवता जेवता गिऱ्हाईक आलं की हे रोजच होतं. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढले. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, रोज बघितलं की फरक कळत नाही.

चटणीचं बिल सगळ्यात आधी गेलं. बोटाच्या ठशाएवढ्या जागेतला 8 आधी 3 सारखा दिसायला लागला, मग दिसेनासाच झाला. बाकी बिल जसंच्या तसं. खिडकीतलं पिवळं पडलं, डिक्कीतलं सगळंच करडं झालं. पाकिटातलं दोन महिन्यांत पुसट झालं, तेही जिथे प्लास्टिक घट्ट चिकटलं होतं तिथे जास्त. वहीतलं वर्षानंतरही काळंभोर आहे.

आपल्याकडचा 42-43 अंशांचा उन्हाळा बंद कपाटातल्या बिलाला सोसतो. साधा थर्मल कागद 70 अंशांच्या आसपास काळवंडू लागतो, म्हणून लॅमिनेशन अजिबात करू नका. रोल घेताना वरून संरक्षक थर असलेला मागा आणि दुकानदाराकडून छापलेला हातभर तुकडा आणून अक्षरांवर तेलाचं बोट लावून बघा.

जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. तेवढा भरवसा मी कुठल्याच रोलवर ठेवत नाही. खरेदीचं थर्मल बिल आलं की त्याच संध्याकाळी साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचतो.