पेंटाव्हॅलंट लसीतल्या थायोमर्सलमुळे बाळाला अपाय होतो का?

आपल्या सहा आठवड्यांच्या मुलीला आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत (डांग्या खोकला, घटसर्प यांसह पाच रोगांवरची एकत्रित लस) पारा असतो आणि त्यामुळे मुले स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात असे आपण ऐकले आहे, आणि ते खरे आहे का असे विचारले आहे. मी औषधशास्त्र शिकवते. अनेक मात्रांच्या कुपीत थायोमर्सल नावाचे परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य, असते आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो, हे खरे आहे. त्यामुळे स्वमग्नता येते, हे मात्र आजवरच्या संशोधनात टिकलेले नाही.

परिरक्षक घालण्याची गरज कशी पटली, ते आधी सांगते. जानेवारी 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेली 12 मुले दगावली. कुपीत परिरक्षक नव्हते आणि वारंवार सुई घातल्याने तिच्यात स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढले होते. पुरेसे जंतुरोधक नसेल तर अशी औषधे पुन्हापुन्हा वापरायच्या कुपीतून देऊ नयेत, असे चौकशी आयोगाने सांगितले. थायोमर्सलचा वापर 1930 च्या दशकात सुरू झाला.

1999 मध्ये अमेरिकेत शंका उपस्थित झाली ती निराधार नव्हती. तिथल्या बाळांना सर्व लसींतून मिळणाऱ्या पाऱ्याची बेरीज प्रथमच केली गेली, परंतु मर्यादा ठरलेल्या होत्या त्या माशांतून येणाऱ्या मिथिलमर्क्युरीच्या. थायोमर्सलपासून इथिलमर्क्युरी हे पाऱ्याचे वेगळे संयुग तयार होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्वेनोस आयर्समधील बाळांवरच्या अभ्यासात त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 3.7 दिवस लागल्याचे दिसले; मिथिलमर्क्युरीला सुमारे 44 दिवस लागतात असे मानले जाते. माकडांच्या पिल्लांवरील 2005 च्या प्रयोगात मेंदूतील एकूण पारा इथिलमर्क्युरीच्या गटात मिथिलमर्क्युरीच्या गटापेक्षा कमी भरला, पण त्यातला असेंद्रिय (कार्बनशी न जोडलेल्या) पाऱ्याचा वाटा अधिक होता आणि तो पारा रेंगाळतो. म्हणूनच केवळ रक्तातील आकड्यांवर विसंबून न राहता मुलांच्या वाढीकडेच पाहणे आवश्यक होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो डेन्मार्कचा अभ्यास. तिथे 1992 पर्यंत डांग्या खोकल्याच्या लसीत थायोमर्सल होते; त्यानंतर तीच लस थायोमर्सलविना देण्यात आली. प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद असल्यामुळे 1990 ते 1996 दरम्यान जन्मलेल्या 4,67,450 मुलांची तुलना करता आली. थायोमर्सलयुक्त लस घेतलेल्यांत स्वमग्नता अधिक आढळली नाही, आणि मात्रा वाढली म्हणून धोका वाढला असेही दिसले नाही. लसीतून थायोमर्सल गेल्यावरही तिथल्या नोंदी वाढतच गेल्या, हा मुद्दा पुष्कळदा पुढे केला जातो. मी त्यावर फारसा भर देत नाही, कारण 1995 पासून बाह्यरुग्णांच्याही नोंदी धरल्या जाऊ लागल्या आणि आकडा त्यामुळेही वाढलेला असू शकतो. मुलांची थेट तुलना या आक्षेपाने डळमळत नाही. अमेरिकेत 2001 पर्यंत फ्लूच्या काही लसी वगळता बाळांच्या नेहमीच्या लसींतून थायोमर्सल काढले गेले, तरी कॅलिफोर्नियातील स्वमग्नतेच्या नोंदी घटल्या नाहीत.

अन्य परिणामही तपासले गेले. 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासात 7 ते 10 वर्षांच्या 1,047 मुलांची वाचा, स्मरणशक्ती, एकाग्रता अशा 42 निकषांवर चाचणी झाली. काही थोडे संबंध आढळले, पण ते अल्प होते आणि काही अपायाकडे तर काही फायद्याकडे झुकणारे होते. खऱ्या अपायाची दिशा अशी विस्कळीत नसते.

आपल्याकडे गोवर-रुबेला या जिवंत विषाणूंच्या लसीत थायोमर्सल नसते, म्हणून मिसळल्यावर ती चार तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी, शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) नीट राखली असेल तर, 28 दिवसांपर्यंत वापरता येते. खासगी दवाखान्यात एकमात्रेच्या, थायोमर्सलविरहित लसी मिळतात आणि परवडत असतील तर त्या घेण्यात काहीच गैर नाही, पण त्यांच्यासाठी लस लांबवू नका, कारण डांग्या खोकला पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक जीवघेणा असतो. केंद्रात लस घेणार असाल तर कुपीवर लिहिलेली ती उघडल्याची तारीख दाखवायला परिचारिकाताईंना निःसंकोच सांगा.